भेगा बुजवणाऱ्या सासू-सुना

आमच्या टेकडीवर माकसुन वहिनींना ओळखत नाही असं घर नव्हतं. दिसायला ठेंगण्या, चालायला भरभर, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. त्यांच्या आईला मुलीमागून मुलीच झाल्या, तेव्हा आता पुरे म्हणून वडिलांनी हिचं नाव ‘शेवटची’ अशा अर्थाचं ठेवलं. वहिनींना त्याचा सल नव्हता. माझ्या पाठीवर भाऊ झाला, म्हणजे नाव फळलं, असं त्या हसत सांगायच्या.

त्यांचे यजमान तोकपाल टेकडीच्या पायथ्याशी सायकली दुरुस्त करायचे. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, ह्वांग आजी. आमच्या कोरियातल्या वोंजूच्या हिवाळ्यात दाराची कडी हाताला चिकटते, आणि आजींना तर थंडी अजिबात सोसायची नाही. आमची सगळ्यांची घरं एकाच धाटणीची. चूल खाली स्वयंपाकघरात. तिची धग खोलीच्या जमिनीखालून, दगडी फरशांखालच्या बोगद्यांतून फिरून मागच्या धुराड्यातून बाहेर पडायची. त्या उबदार जमिनीवर आम्ही जेवायचो नि झोपायचो. पूर्वी चुलीत लाकूड जळायचं. मग सगळी टेकडी भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्यांवर आली. वडी स्वस्त, रात्रभर जळणारी, धूर जवळजवळ नाही. धूर नाही म्हणून लोक निर्धास्त झाले, आणि तिथेच घात झाला. त्या वड्यांतून निघणारा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला स्वतःचा वास.

वहिनींच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे त्या चूल बघायला उठल्या तर डोकं दगडासारखं जड. कसंबसं दार उघडून बाहेर गेल्या, उलटी झाली, आणि गार हवेत जरा भानावर आल्यावर आठवलं की सासूने आज हाक मारली नाही. एरवी आजी सगळ्यांच्या आधी उठून कुरकुर करायच्या. वहिनी तोंडाला ओला फडका लावून आत गेल्या, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि सासूला अंथरुणासकट ओढत अंगणात बर्फावर आणलं. तोकपालांना गदागदा हलवून उठवलं. शेजारणी मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी घेऊन धावल्या, कारण विषारी वायूवर तोच उतारा असं तेव्हा सगळे मानायचे. पण बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी ओतायला वहिनींनी साफ नकार दिला. त्यांनी नवऱ्याला हातगाडी आणायला पिटाळलं आणि आजींना दवाखान्यात नेलं. आजी वाचल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मोकळ्या हवेत वेळेवर आणलं म्हणून हे झालं.

घरी आल्यावर वहिनींनी खिडकीच्या फटी तपासल्या. प्रत्येक फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या. वारा लागतो म्हणून आजींनीच त्या कोंबल्या होत्या, सुनेची नजर चुकवून. वहिनींनी त्या चिंध्या काढल्या, धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या. आजींनी ते पाहिलं आणि त्या दिवशी जेवताना त्यांनी आपल्या ताटलीतला मासा सुनेच्या भातावर ठेवला. सासू-सुनेत एवढंच बोलणं झालं.

गवंडी वसंताआधी यायला तयार नव्हता. मग वहिनींनी स्वतःच जमिनीवरचा तेलकट जाड कागद उचकटला. खालच्या मातीच्या लिंपणाला कोपऱ्यापासून मधोमध भेग गेलेली. त्यांनी माती कालवून भेग बुजवली, सुकू दिली, पुन्हा लिंपली. मग चुलीत पाइनच्या ओल्या फांद्या पेटवल्या. त्यांचा दाट धूर बोगद्यांत शिरला, की जमिनीला कुठे फट राहिली आहे ते आपोआप कळणार होतं. आजी म्हणाल्या, सरक, तुझं नाक सर्दीचं. आणि स्वतः पालथ्या पडून जमीन हुंगत खोलीभर सरपटल्या. उंबऱ्याजवळ थांबून त्यांनी बोट टेकवलं. तिथे केसाएवढी चीर होती.

तेव्हापासून दर शरदात, बाकीच्या बायका हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या तयारीला लागण्याआधी, या सासू-सुना घरोघर जायच्या. सून फांद्या पेटवणार, सासू जमीन हुंगणार. धुराडं झाडून काढायचं, राख झाकणाच्या डब्यात, ओल्या वड्या छपराखाली सुकवायच्या, वडी बदलताना दार उघडं. आजी हे सगळं असं सुनावायच्या की जणू खिडकीत चिंध्या कोंबणारी कुणी दुसरीच होती.

मी नवऱ्यासोबत त्या टेकडीवर आले ती तांदूळवाल्या को मालकांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून. माझी उनही तेव्हा अगदी तान्ही. सकाळी माझं डोकं ठणकायचं, आणि पोरगी सुस्त, अंगावर ओढायची नाही. मला वाटलं, बाळंतपणाचा अशक्तपणा. एकदा नळावरच्या रांगेत मी सहज बोलले, तशी माकसुन वहिनी जवळ आल्या.

“बाहेर आलीस की उतरतं का गं?”

“उतरतं की. इथे येईपर्यंत बरं वाटतं.”

“आणि पोरीचं?”

“ती पण इथे टुकूटुकू बघायला लागते.”

त्यांनी माझ्या हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आजपासून तुम्ही तिघं आमच्याकडे झोपायचं. त्या खोलीत नाही.”

को मालक वाईट माणूस नव्हते, पण घराचा फार अभिमान. थोरल्याच्या सोयरिकीसाठी त्यांनी सगळ्या खोल्यांच्या जमिनींना नवा कागद लावला होता, तो उचकटायचं नावसुद्धा काढू देईनात. शेवटी कंटाळून म्हणाले, तुझ्या खोलीच्या चुलीत काय पेटवायचं ते पेटव, माझ्या खोलीकडे फिरकू नका. वहिनींनी लगेच फांद्या आणल्या. मुलीकडचे पाहुणे दुपारी येणार होते, ते जरा लवकरच आले आणि मालकांच्या बैठकीत बसले. मागे आम्हाला पत्ताच नाही.

माझ्या खोलीत धूर भिंतीलगतच्या भेगेतून आलाच. पण बराचसा धूर जातोय कुठे, म्हणून आजी नाक वर करून बघत होत्या, तेवढ्यात पुढून खोकण्याचा आवाज आला. दोन्ही खोल्यांचं धुराडं एकच, आणि ते वर कुठेतरी तुंबलेलं. बाहेर जायला वाट नाही म्हणून धूर थेट पाहुण्यांच्या गाद्यांखालून निघत होता.

को मालक लालबुंद होऊन आले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मागून मुलीचे वडील डोळे पुसत आले. भारदस्त, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चुलीत वाकून पाहिलं, फांद्या पाहिल्या, आणि विचारलं, ही परीक्षा कुणाची कल्पना? आजींनी सुनेकडे बोट दाखवलं.

“माझा धाकटा भाऊ असाच गेला,” ते म्हणाले. “को साहेब, मुलगा मला पसंत आहे. पण माझी पोर या घरात यायची तर आधी हे धुराडं मोकळं झालं पाहिजे.”

मालकांचा राग जागच्या जागी विरला. त्यांनी स्वतः शिडी लावली. पाहुण्यांनी कोट काढून शिडी धरली. वरून जुनं घरटं, काजळी आणि फुटक्या विटा निघाल्या. पुढच्या काही दिवसांत आम्ही माझ्या खोलीची माती नव्याने लिंपली, आणि बैठकीचा नवाकोरा कागद मालकांच्या बायकोने आपल्या हातांनी उचकटला. खाली दोन भेगा होत्या. मालक म्हणाले, सोयरीक जुळली नसती तरी चाललं असतं, घरची माणसं तरी राहिली. लग्न वसंतात झालं, आणि मानाच्या ताटावर बसवलं ते ह्वांग आजींना. त्यांनी दोनदा मागून खाल्लं.

माझी डोकेदुखी गेली. उनही गुबगुबीत झाली आणि ओरडून घर डोक्यावर घ्यायला शिकली.

पुढे आजी वय होऊन, अगदी शांतपणे गेल्या. टेकडीवर हळूहळू जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवणारे तेलाचे आणि मग गॅसचे बंब आले. वहिनींनीही बंब बसवला आणि त्याच दिवशी वायूची सूचना देणारी घंटाही लावून घेतली. कोळशाच्या आठवणी कुणी हळवं होऊन काढल्या तर त्या हसून सांगतात, मला नाही बाई आठवण येत, सकाळी वडी बदलायला चिमटा धरून वाकायचं सुटलं तेच सुख. तोकपाल दुकानातून आले की दोघं गरम जमिनीवर पाय पसरून रताळी सोलत बसतात. मी गेले की मलाही एक मिळतं, नेहमी त्यातलं मोठं.