पडले की पाडलं

पेठेतल्या पोलीस चौकीत ती व्हीलचेअरवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गालावर बोटांचे वळ, ओठ फुटलेला. शेजारी थोरला भाऊ. जबाब घेणाऱ्या हवालदार बाईंनी त्यालाच विचारलं, "काय झालं हिला?"

"त्यांना विचारा ना," मी म्हटलं. "समोरच आहेत."

"बोलता येतं?" हेही भावालाच.

"एका वाक्यात तुमची ड्यूटी संपेल, मॅडम. बाथरूममध्ये पडली," भाऊ म्हणाला.

अपंग व्यक्तींसोबत चौकीत, दवाखान्यात बसायचं हे माझं काम. घरच्यांची बाजू घ्यायची नाही, पोलिसांचीही नाही. ज्याच्यासोबत बसलोय त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, हा पहिला नियम. जबाबात 'पडले' आलं की ती भावाबरोबर त्याच घरी जाणार होती.

सेरेब्रल पाल्सीमुळे तिचा प्रत्येक शब्द घशातून ओढून काढावा लागतो. मान वळली, जबडा ताणला, ओठातून पुन्हा रक्त आलं.

"प..."

"पडले म्हणतेय," भाऊ म्हणाला.

बाईंनी पेन टेकवलं.

"थांबा, त्यांचं व्हायचंय अजून," मी म्हटलं.

"पा..."

"पाय! पाय घसरला म्हणतेय."

तिने जोरात मान हलवली. 'पडले' आणि 'पाडलं'. सुरुवातीला फरक फक्त एका कान्याचा. शब्द माझ्या जिभेवर होता. मी उच्चारला असता, तर तो माझा जबाब झाला असता.

"पा...ड..."

भाऊ उठला. तिचे केस धरून त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. चहाचा ग्लास फुटला. दुसऱ्यांदा आपटताना काचा तिच्या कपाळात घुसल्या. आतून दोन शिपाई धावले, त्यांनी त्याला भिंतीवर दाबलं.

"मी सांभाळतो हिला! आई गेल्यापासून मी भरवतो!"

मी तिच्या कपाळावर ओढणी दाबून धरली. ओढणी लगेच लाल झाली.

"पाडलं," ती म्हणाली. "दा...दानं."

बाईंनी पहिल्यांदा खुर्ची तिच्यासमोर ओढली. "घरी जायचंय, ताई?"

"नाही."

आधी दवाखाना, मग निवारागृह, असं ठरलं.

"विचारा तिला," भाऊ भिंतीकडून ओरडला, "उद्या तोंड कोण धुणार?"

ती उत्तर देऊ लागली. तो मध्येच काही बोलणार, तोच बाई त्याच्यावर खेकसल्या, "तू गप रे! त्या बोलतायत."

बराच वेळ लागला.

"दुसरं... को...णीही."