नवऱ्याच्या छातीतली गाठ

माझ्या नणंदेच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती दरवर्षी सिल्लोडहून तपासणीला येते आणि आमच्या गारखेड्याच्या घरी दोन दिवस राहते. दवाखान्यात मी सोबत जाते, नवरा गाडी घेऊन बाहेर थांबतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर नव्या होत्या. त्यांनी घरातल्यांची सगळी माहिती विचारायला घेतली.

"आई छातीत गाठ होऊन गेली," नणंद म्हणाली. "मावशी पण तशीच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "भाऊ आहेत?"

"एक हाय. बाहेर बसलाय."

"त्यांनाही छाती तपासायला सांगा. पुरुषांना क्वचित होतो, पण होतो. घराण्यात असेल तर जास्त जपायला हवं."

आम्ही दोघी हसलो. मी शाळेत विज्ञान शिकवते. न्हाताना हात फिरवून गाठ कशी बघायची, स्तनाग्र आत ओढलं गेलं तर लगेच दाखवायचं, हे मुलींच्या आयांना फळ्यावर चित्र काढून सांगते. तरी हसले.

गाडीत नणंदेनं भावाला ते गंमत म्हणून सांगितलं. "दादा, तुला पण बघायला लावलंय बरं का!"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न सुरू झाले.

"मला हाय एक गाठ," तो म्हणाला. "डाव्या बाजूला. दुखत नाय, म्हणून बोललो नाय."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून."

होळी तोंडावर आली होती. एवढे महिने हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता. घरातही बनियन काढेनासा झाला होता, ते मला दिसलं होतं. वय झालं, थंडी वाजत असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

घरी आल्यावर बघितलं. स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं, मी फळ्यावर काढते अगदी तसं. त्याच्याखाली वाटाण्याएवढा कडक गोळा.

मॅमोग्राफीच्या रांगेत सगळ्या बायकाच. नर्सनं आडनाव पुकारलं आणि मला म्हणाली, "चला मॅडम." मी नाही म्हणून मान हलवली. तो उठला तेव्हा सगळी रांग बोलायची थांबली.

तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता. दुधाच्या नळ्यांमध्ये सुरू झालेला, असं डॉक्टर म्हणाल्या.

"दुधाच्या नळ्या? मला?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना असतात. पुरुषांच्या वाढत नाहीत, एवढंच."

त्यांनी आणखी एक सांगितलं. त्याची गाठ हार्मोनवर पोसणारी होती, त्यामुळं पुढं काही वर्षं गोळ्यांचा उपयोग होणार होता. बहिणीची त्या जातीची नव्हती, म्हणून तिला गोळ्या दिल्या नव्हत्या. सख्खी भावंडं, आजार एक, आणि जाती दोन. मला हे ठाऊक नव्हतं. मी आजवर सगळ्यांना 'ब्रेस्ट कॅन्सर' असा एकच शब्द शिकवत आले होते.

ऑपरेशन झालं. काखेतल्या एका गाठीतही कॅन्सर पसरलेला निघाला, म्हणून केमो घ्यावी लागली. "पहिल्याच महिन्यात आला असतात तर कदाचित ही वेळ आली नसती," डॉक्टर सरळ म्हणाल्या.

मग रक्ताची जनुकांची तपासणी. आईकडून आलेला दोष दोघा भावंडांत निघाला. आमची मुलगी सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. तिनं तपासून घेतलं. तिच्यातही निघाला.

आता तो बरा आहे, गोळ्या चालू आहेत, कामावरही जातो. मुलीचं दरवर्षी एमआरआय होतं. आजवर सगळं ठीक आहे.

पण तिचा जनुकांचा रिपोर्ट आला त्या रविवारी ती घरी आली होती. जेवताना तिनं एकदम विचारलं, "बाबा, बायकांचा आजार म्हणून लाजलात का तुम्ही?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"लाज नाय, भीती वाटली, बेटा. माझ्या आईला मीच आंघोळ घालायचो शेवटी. हाताला काय लागतंय ते पहिल्या दिवशीच कळलं होतं मला."