जमनावहिनीचं भरलेलं अंग

जमनावहिनी ही माझ्या थोरल्या भावाची, दामूदादाची बायको. लग्न होऊन शिरगावात आली तेव्हा इतकी किडकिडीत होती की बंदरावरच्या बाया माझ्या आईला म्हणायच्या, "गोदूबाय, सून आणलीस का वल्हं?" पण त्याच अंगानं ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजारापर्यंत चालत जायची, आणि मागे वळून मला म्हणायची, "चल गं नलू, पाय उचल."

तिची पहिली दोन पोटं राहिली नाहीत. तिसऱ्यांदा दिवस गेले ते पासष्ट साली. तेव्हा दादा होडी सोडून तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लागला होता. सालवडला चार जणांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा.

देवाच्या कृपेनं या खेपेला पोट टिकलं. पण वहिनीचं अंग असं काही भरत गेलं की बांगड्या मनगटात रुतल्या, चोळीच्या बाह्या उसवल्या, कमरेला गुंडाळलेलं लुगडं पदराला पुरेना. बंदरावर थट्टा सुरू झाली.

"जमने, पोटात पोर हाय का अख्खी होडी?"

"गाबोळीच्या अंड्यांनी फुगलेली घोळ मासळी दिसते गं!"

आमच्याकडे बाया असंच बोलतात. वहिनीही आधी फटकन उलट उत्तर द्यायची. पुढे पुढे मात्र प्रत्येक हसण्यात तिला स्वतःचंच नाव ऐकू यायला लागलं. दोघीजणी कुजबुजल्या की ती पाटी उचलून लांब जाऊन बसायची. दादा सुट्टीला आला आणि दारातच म्हणाला, "माझी बायको कुठं हाय? ही कोण बसलीय?" वहिनी हसली नाही. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "तिकडं कामावर बाया पण असतात ना गं?"

"असतील की."

"बारीक असतील," ती म्हणाली, आणि परातीतला भात बोटानं चिवडत बसली.

सगळ्यात जास्त संशय तिला आईचा होता. आईचं वागणं बदललंय हे मलाही दिसत होतं. वहिनी जेवायला बसली की आई तिच्या ताटाकडे टक लावून बघायची. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला की आईचे ओठ नुसतेच हलायचे. एकदा तर अंगणात आईनं तिला मागून दोन्ही हातांनी धरलं आणि चक्क वर उचलायला बघितलं.

"आये, काय करता?"

"काय नाय गं. कंबर धरली का बघत होते."

कंबर धरली का ते बघायला कोणी माणसाला उचलतं का?

मग बाजारातला तो दिवस. वहिनी मासळी घेऊन बसली होती आणि समोर वाण्याच्या दुकानात आई त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. बोलता बोलता तिनं वहिनीकडे बोट केलं. वाण्यानं मान लांब करून वहिनीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि डोकं खाजवलं. मी जवळ गेले तशी दोघं गप्प झाली.

परतीच्या वाटेवर वहिनी म्हणाली, "बघितलंस? जनावर दाखवतात तशी दाखवली मला."

"काढ्याचं काही विचारत असेल, वहिनी."

"काढ्याला माणूस दाखवायला लागतं? मी खाते ते तिला सलतंय. तुझ्या दादाला दुसरी करायची असंल. नायतर..." पुढचं तिनं तोंडात ठेवलं आणि पोटावरून पदर ओढून घेतला. करणीचं नाव आमच्या घरात कोणी काढत नसे. तिनंही काढलं नाही. पण तिच्या मनात तेच होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मीही आईच्या हाताकडे बघायला लागले.

वहिनीनं खाणं तोडलं. दोन घास गिळायची आणि बाकीचं कोंबड्यांपुढे टाकायची. अंगही उतरेल आणि आईच्या हातचं पोटातही जाणार नाही, असा तिचा हिशेब. मी पदराखालून भाकरी नेली तर ती मोडून, उलटून बघायची, मग अर्धी खायची. मी संध्याकाळी देवापुढे दिवा लावून एवढंच म्हणायची, बाबा, या खेपेला पोर हातात दे.

सातव्या महिन्यात, अंगणातल्या बांबूंवर बोंबील वाळत घालता घालता वहिनी मटकन खाली बसली. डोळे पांढरे झाले. मी धावत जाऊन लाडकी नावाच्या सुईणीला आणलं. तिनं पोट चाचपलं, बराच वेळ चाचपलं.

"पोर हाय," ती म्हणाली. "पण दमलंय. आईच उपाशी तं त्यानं काय खायाचं? गोदूबाय, सुनेला खायाला नाय देत?"

"मी?" आई म्हणाली. "मी नाय देत?"

वहिनी तशीच पडल्या पडल्या बोलली. "तुमी मला उचलून बघता. माझे घास बघता. वाण्याला दाखवलंत. काय केलंय माझ्यावर, ते एकदा सांगा."

आईनं लाडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.  

मग ती रडायलाच लागली. "सांगितलं तं देवीचा कोप. नाय सांगितलं तं ही उपाशी मरल. मी करू काय?"

आमच्याकडे बोललेला नवस फिटेपर्यंत फोडत नाहीत. फोडला की तो फळत नाही असं मानतात. आईनं तो त्या दिवशी फोडला. वहिनीचं पोर जगलं तर गावदेवीपुढे वहिनीच्या भारंभार, म्हणजे तिच्या वजनाइतका गूळ वाटायचा, असा तो नवस.

"बोलले तवा ही काडी होती गं!" आई नाक पुसत म्हणाली. "आता रोज भरतेय. एवढ्या बाईला गूळ किती लागंल, ते वाण्याला विचारत होते."

लाडकीनं पदर तोंडात कोंबला तरी तिचे खांदे हलतच होते.

वहिनी हसली नाही. आईकडे रोखून बघत म्हणाली, "आत्ता सुचलं हे तुमाला?"

लाडकीच्या धाकानं त्या दिवशी ती पोटभर जेवली. पुढे रोज जेवायला लागली, तीही आईच्या समोर बसून. "वाढा अजून," म्हणायची. "खरं बोलता का खोटं, ते कळंलच." आई वाढायची. नवस फोडला म्हणून आई आतून धास्तावलेली, आणि वहिनीला वाटे की ही धास्ती खोटेपणाची आहे. वाढलेलं अंग तिला तेव्हाही नकोसंच होतं. हंड्याच्या चकचकीत पोटात तोंड दिसलं की ती हंडा फिरवून ठेवायची.

मुलगी झाली. चांगली रडकी, टणक. वहिनी माझ्या कानात म्हणाली, "पोरगी हाय. आता तुझी आई नवस विसरंल बघ."

सव्वा महिना झाला आणि आईनं सुकी मासळी तोलायचा मोठा काटा मागून आणला. समुद्राच्या पाण्यानं धुतला, हळद लावली आणि देवळापुढच्या चिंचेला टांगला. बंदरावरच्या सगळ्या बाया जमल्या. वहिनी पोरीला घेऊन देवळाच्या पायरीशीच थांबली. अंग काही उतरलं नव्हतं.

"मी नाय बसायची," ती मला म्हणाली. "सगळ्यांना माझा भार दाखवायचाय तिला."

तेवढ्यात दादानं पोत्यातून गुळाच्या ढेपी काढून पारड्यात मांडल्या. एक, मग दुसरी, मग आणखी. वहिनी बघत राहिली. मग पोरीला माझ्या हातात देऊन ती गेली आणि दुसऱ्या पारड्यात बसली. पारडं खाली गेलं ते गेलंच. सगळा गूळ ठेवला तरी वर येईना. बाया खिदळायला लागल्या.

"जमने, कमरेची चांदी काढ, तेवढीच हलकी होशील!"

"गोदूबाय, देवीला सांग, बाकीचा पुढच्या पोराला!"

"चांदी नाय काढायची," आई ओरडली. "हाय तेवढी तोलायची. दामू, अजून गूळ आण."

दादा सायकल घेऊन पालघरला निघाला. पारडं झुलू नये म्हणून आई साखळी धरून उभी राहिली. ऊन चढलं, बाया सावलीला सरकल्या.

"आये," वहिनी म्हणाली, "उतरू का? हात दुखंल तुमचा."

"बस गप. उतरलीस तं परत पयल्यापासून तोलायला लागंल."

वहिनीनं पाय पोटाशी घेतले, नीट मांडी घातली आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, "नलू, पोरगी दे इकडं. तिला दूध पाजते तंवर."

"तिचा भार नाय धरायचा हां नवसात!" आई घाईनं म्हणाली.

तेव्हा कुठे वहिनी हसली.