जड बुटांतला सराव

कारखान्यातली पहिली पाळी संपवून धाकटी बहीण खोलीवर आली की दारातच बसायची. डबा बाजूला ठेवायची, पाणी प्यायची आणि कंपनीचे सेफ्टी शूज पायात तसेच ठेवून पुन्हा उठायची. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, जवळ आलं होतं. भोसरीत आमच्या खोलीमागे एमआयडीसीचा सिमेंटचा रस्ता आहे, त्यावरच ती पळायची.

त्या बुटांच्या पुढच्या टोकात लोखंड असतं. खाली ठेवले तरी फरशी वाजते. पण कंपनीत तिच्या लाइनवर भरतीची तयारी करणाऱ्या सगळ्या मुली असंच पळायच्या. जड बुटांत सराव केला की ग्राउंडच्या दिवशी साध्या बुटांत पाय आपोआप उचलले जातात, असा त्यांचा पक्का समज.

घरमालकीण मावशी इथल्या मूळ गावातल्या. ओट्यावर लसूण सोलता सोलता एकदा म्हणाल्या, "व्हय गं, ही पळती का रस्ता दाबती?"

बहीण हसली. मी म्हणाले, "निदान आधी अंग तरी मोकळं कर."

"ताई, दिवसभर मशीनपुढं उभीच हाय की मी. अंग गरमच हाय."

मीही कामावरून दमून आलेली. वाद घालायचं त्राण नव्हतं.

मग एका संध्याकाळी ती भिंतीला धरून परतली. जिना चढताना फार नाही, पण उतरताना उजव्या गुडघ्यात कळ यायची. सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला पाय पसरून बसवलं आणि अंगठे धरायला सांगितलं. हात नडगीपाशीच थांबले. "गुडघ्यात काही तुटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताठ झालेत, मांडीत जोर नाही, वर हे बूट आणि सिमेंट. सगळा मार गुडघा एकटा खातोय." पळणं बंद. दुखणं गेल्यावर मातीवर, थोडं थोडं.

बहिणीने एवढंच विचारलं, "आणि ग्राउंड हुकलं तर?"

मला आमच्या तालुक्याच्या शाळेतले पी.टी.चे सर आठवले. पळायच्या आधी पाय हलवून मोकळे करायला लावायचे. पळून झाल्यावर झाडाला हात टेकवून पोटऱ्या ताणायला लावायचे. सर वेळ काढतात, असं आम्हाला वाटायचं. खेळाडू म्हणून मला कॉलेजात प्रवेश मिळाला तो त्यांच्या धावपळीमुळे, आणि आमच्या घरात पहिली पदवी आली. त्या वर्षांत माझा गुडघा कधी कुरकुरला नाही, याचे आभार मात्र मानायचे राहून गेले.

खोलीत दोघींना एकदम पाय पसरता येत नाहीत, म्हणून आम्ही गच्चीवर जायचो. वाळत घातलेल्या कपड्यांखाली चटई टाकून मॅडमनी दाखवलेले व्यायाम. पाठीवर पडून पाय सरळ वर उचलायचा, सावकाश खाली आणायचा. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं. हिसका न देता पोटरी ताणायची. "पळण्यापेक्षा हे कंटाळवाणं हाय," ती म्हणायची. कधी ताणता ताणता तिथेच झोपून जायची. मी उठवत नसे. तिला झोपही हवीच होती.

पुढे कळ थांबली. सुट्टीच्या दिवशी सांगवीला बसने जाऊन मातीच्या मैदानावर ती हळूहळू पळू लागली. ग्राउंडला गेली, शर्यत पुरी केली. गुडघा टिकला, गुण कमी पडले. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आली, दारात बसली आणि आधी नाड्या सोडल्या. ते जड बूट भिंतीला लावून ठेवले.

"पुढच्या भरतीला वय बसतंय माझं," ती म्हणाली. "चल ताई, वर जाऊ."

मला खरं तर आडवं व्हायचं होतं. मी चटई घेतली.