घरमालकाला विचारून

ग्रोव्हबाई आठवीला नागरिकशास्त्र शिकवायच्या. अमेरिकेत ओहायोतल्या आमच्या एवढ्याशा गावात त्यांच्या हाताखालून गेला नाही असा चाळिशीच्या आतला माणूस मिळायचा नाही. त्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तिसरी घटनादुरुस्ती घडाघडा सांगेल: घरमालकाच्या संमतीशिवाय त्याच्या घरात फौजेचा शिपाई ठेवायचा नाही. इतर शाळांत मास्तर लोक ही दुरुस्ती हसून सोडून देतात. हल्ली कोण बसतंय कुणाच्या घरात शिपाई घुसवायला? बाई मात्र दरवर्षी दोन दांडगी पोरं हेरायच्या, इंग्रज फौजेच्या लाल डगल्यांऐवजी त्यांना लाल स्वेटर चढवायच्या, आणि भर तासाला ती इंग्लंडच्या राजाचे शिपाई होऊन आत घुसायची. पहिल्या बाकावरच्याला उठवून त्याचा डबा फस्त करायची, वर म्हणायची, "तुमच्याच भल्यासाठी आलोय." वर्ग हसून लोळायचा. "हसा," बाई म्हणायच्या, "पण असल्याच गोष्टींची चीड येऊन आपला देश जन्माला आलाय."

कर्टिस बोमन हा त्यांचा सगळ्यात बेरकी शिपाई. दुसऱ्याचं सँडविच खाऊन त्याने वर मोहरीची चटणी जास्त झाल्याची तक्रार केली होती.

तोच कर्टिस पुढे फौजेत जाऊन इराकहून परत आला, तेव्हा गावाने त्याला डोक्यावर घेतलं. पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, जो तो त्याचा हात धरून एकच वाक्य म्हणे, "देशसेवेबद्दल आभार." तो मान हलवायचा नि सटकायचा. माजी सैनिक दिनाला बाईंनी त्याला वर्गात बोलावलं, आणि आश्चर्य म्हणजे तो आला.

एका मुलीने विचारलं, "तिकडे तुम्ही झोपायचात कुठे?"

"लोकांच्या घरात. ज्या गच्चीवरून रस्ता दिसेल ते घर. घरच्यांना एका खोलीत बसवायचं आणि दारावर पहारा."

"त्यांना विचारून?"

कर्टिसने बाईंकडे पाहिलं. "एक म्हातारी होती. आम्ही तिचं दार तोडलं आणि सकाळी तिनेच आम्हाला चहा आणून दिला. कप ठेवले आणि मागे भिंतीपर्यंत सरकली. आमचा दुभाषा तिला सांगत होता, हे तुमच्याच भल्यासाठी आलेत. बाई, मला तुमचा तो लाल स्वेटर आठवला. तो नियम काय फक्त आपल्याच घरांना आहे का हो?"

उत्तर बाईंच्या ओठावर होतं, पण मागच्या बाकावरच्या दोघांचे भाऊ तिकडेच होते आणि दाराशी मुख्याध्यापक उभे होते. "कायद्याने बघितलं तर," त्या म्हणाल्या, "फक्त आपल्याच." तेवढ्यात घंटा झाली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "देशसेवेबद्दल आभार, कर्टिस."

त्याने टोपी उचलली. "तुम्हीसुद्धा, बाई?" एवढंच म्हणाला आणि गेला.

झालं, त्या दिवसापासून बाईंचं चित्त म्हणून थाऱ्यावर राहीना. स्वेटर कपाटातून काढायच्या, परत ठेवायच्या. थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीत मीठ दोनदा पडलं. नवरा वैतागला, "अगं, कायद्याला धरूनच तर बोललीस."

"तेच तर. तेवढंच बोलले," बाई म्हणाल्या. ताटावरून उठल्या आणि गाडी काढून थेट कर्टिसच्या घरी गेल्या.

आमच्याकडे कुणी बेल वाजवत नाही. मागचं दार ढकलायचं, "मी आलेय" म्हणायचं आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायचं. बाईंनी पुढच्या दाराची बेल वाजवली.

"बाई? मागचं उघडंच आहे की," कर्टिस म्हणाला.

"आत येऊ का?"

"विचारताय काय?"

"विचारतेय."

त्याने जाळीचं दार उघडलं नाही. "आणि नाही म्हटलं तर?"

"तर परत जाईन. घर तुझं आहे. त्या म्हातारीचं घरही तिचंच होतं. तिला विचारायला हवं होतं, तुम्हीही आणि तुम्हाला धाडणाऱ्या आम्हीही. हे मला त्या दिवशी पोरांसमोर म्हणायचं होतं, आणि माझी छाती झाली नाही. सोमवारी म्हणणार आहे."



"आज नको, बाई," कर्टिस म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि त्या पायऱ्या उतरून परत गेल्या.