मोहोळाच्या कड्याखाली

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण नगरच्या इस्पितळात नर्स होती. घरात सगळे तिला आक्का म्हणत, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. तिने लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, शिकवून मास्तर केलं आणि त्याच्यासाठी मुलगीही तिनेच पाहिली. मला बघायला आली तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही तिने विचारलं नाही. "खूप चालता येतं का गं?" एवढंच विचारलं. माझ्या आईला वाटलं, मुलीच्या पायात काही खोड आहे असा हिला संशय आलाय.

त्या प्रश्नाचा अर्थ मला लग्नानंतर कळला. नाताळ झाला की ही दोघं भावंडं अकोले तालुक्यातल्या डोंगरात जाऊन राहायची. धर्मशाळेत नाही की कुणाच्या घरी नाही, थेट रानात, तंबू ठोकून. त्या काळी आमच्यात असलं कुणी करत नसे. माणसं रानात जात ती लाकडाला, नाहीतर गुरांच्या मागे. घरात चांगली खाट असताना हौसेनं दगडांवर जाऊन झोपायचं, हे आमच्या चर्चमधल्या बायकांना चमत्कारिक वाटे. आक्का म्हणायची, "वर्षभर मी फिनेलचा वास घेते. आठवडाभर मला हिरड्याच्या झाडाखाली बसू द्या."

माझ्या लग्नानंतरचा तो पहिलाच नाताळ. युद्ध चालू होतं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी मागे शेगडी लावून कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. तशा मोटारीतून संगमनेर, तिथून अकोलं, पुढे एक बाजारगाव, आणि तिथून डोक्यावर बोचकी घेऊन पायी. डोंगराच्या कुशीत महादेव कोळ्यांची एक वाडी होती. तिथले एक वयस्क मामा आक्काच्या ओळखीचे. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात आक्का एकदा तंबूतून उठून धावली होती, तेव्हापासून ते तिला लेकीसारखं मानायचे. तंबूची जागा तेच दाखवायचे. त्या वर्षी त्यांनी ओढ्याकाठचं एक मोकळं गवताळ पठार दाखवलं. पलीकडे राखीव जंगल, आणि त्याच्यावर काळा उभा कडा. कड्याच्या कपारीत सुपाएवढी काळी मोहोळं लटकत होती.

"आग्या हाय," मामा म्हणाले. "पर लांब हाय. आपुन त्यांच्या वाटंला न्हाई गेलं तर ती बी येत न्हाईत."

आक्काने अंतर डोळ्यांनी मोजलं आणि मान हलवली. दरवर्षी ती मोहोळं तिथं असायचीच.

मला रान आवडेल असं वाटलं नव्हतं, पण आवडलं. सकाळी गवतावर दव इतकं असे की लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत ओला होई. आक्का मला झाडं ओळखायला शिकवी. घरी ती कमी बोलायची, तिथं मात्र गाणी म्हणायची, उपासनेतली आणि जात्यावरचीही. जेवायला तांदळाची भाकरी, वाडीवरून आलेलं दूध आणि कसली तरी रानभाजी. "शिकलीस की चालायला," असं ती मला एकदा म्हणाली. ती कुणाची स्तुती करत नसे, म्हणून मला फार बरं वाटलं.

एके सकाळी हे मामांबरोबर वरच्या खिंडीकडे गेले. आक्का ओढ्यावर केस धुवायला बसली. मी तंबूत अंथरुणं आवरत होते. आधी मला लांबून मोटार आल्यासारखा आवाज ऐकू आला. इथं मोटार कुठली, म्हणून मी डोकं बाहेर काढलं. कड्यावरच्या मोहोळावर घारीसारखा एक मोठा पक्षी झडप घालत होता. मोहोळाचा एक तुकडा सुटून खाली पडताना मला दिसला. मग कड्यापासून एक काळी चादर सुटली आणि खाली येऊ लागली.

"आक्का," मी हाक मारली, "माश्या सुटल्यात."

तिने वर पाहिलं. तिचे केस मोकळे, ओले होते. तंबू आणि ओढा यांत मोठ्या अंगणाएवढंच अंतर होतं, पण ती उठेपर्यंत माश्या तिच्यावर आल्या होत्या. ती धावली नाही. धावली तर माझ्याकडे येईल आणि माश्याही घेऊन येईल, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिने पदर तोंडावर ओढला, ओढ्याच्या पाण्यात बसली आणि ओरडली, "बाहेर येऊ नको. तंबू बंद कर. घोंगडी घे."

मी घोंगडी घेतली, पण ती घेऊन बाहेर पडले. आक्काला झाकावं एवढंच डोक्यात होतं. चार पावलं गेले असेन. पापणीवर, ओठांवर, कानात एकदम निखारे लागल्यासारखं झालं. दिसेना. पाय कुठं पडतोय कळेना. मी पडले, उठले, आणि ओढ्याकडे जातेय असं समजून पुन्हा तंबूच्याच दोरात अडकले. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा माशी घशात जाईल म्हणून तोंडही उघडता येईना. मी कापडाखाली सरपटत आत शिरले आणि घोंगडी पांघरून पडून राहिले. बाहेर आक्का मला सांगत होती, "येऊ नको, येऊ नको." ओढा इतका उथळ होता की तिला पुरतं बुडता येत नव्हतं. श्वासासाठी डोकं वर काढलं की माश्या वाट बघत होत्याच. मग तिचं बोलणं थांबलं. फक्त पाण्याचा आवाज येत राहिला, कुणी धुणं आपटल्यासारखा.

वाडीवरची माणसं अंगावर घोंगड्या घेऊन, ओल्या गवताच्या पेंढ्या पेटवून धूर करत आली. त्यांनी आक्काला उचलून आणलं. तिचे डोळे मिटून गेले होते, आणि चेहरा तिचा आहे हे मला फक्त कानातल्या कुड्यांवरून कळलं. हे धावत आले ते तिच्यापाशी बसून नुसते तिचे हात चोळू लागले.

आक्का शुद्धीत होती. "काटे चिमटीत धरू नका," ती जड जिभेनं म्हणाली. "पिळले की विष आत जातं. सुरीच्या धारेनं खरवडा."

आम्ही दोघं खरवडत बसलो. एका दंडावरचेच काटे संपेनात. माझा एक डोळा बंद होता. तिने एका इंजेक्शनाचं नाव सांगितलं. यांनी विचारलं, "ते कुठं मिळेल?" ती म्हणाली, "माझ्या वॉर्डात, कपाटात." आणि मग तिची जीभ इतकी सुजली की पुढचं कळेना. मी तिच्या कानाशी विचारत होते, "आक्का, आता काय करू? सांगा ना, पुढं काय करायचं?" आमच्यात औषधपाण्यातलं कळणारी ती एकटीच होती.

बांबूला घोंगडी बांधून तिला झोळीतून खाली नेलं. वाडीतले गडी पाळीपाळीनं खांदा देत होते. मामा सगळी वाट पुटपुटत होते, "म्या जागा दावली, म्या दावली." यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांची समजूत घालण्याइतकं बळ आमच्यापैकी कुणातच नव्हतं. बाजारगावातले डॉक्टर फिरतीवर होते. कंपाउंडरने होतं ते औषध लावलं, कापूस दिला आणि म्हणाला, "नगरलाच न्या." पण मोटार दुसऱ्या दिवशीच होती. त्या मोटारीनंही चढावर दम सोडला. आक्काला आत ठेवून आम्ही ती ढकलत होतो आणि ती तसूभर हलत नव्हती. तेव्हा हे रस्त्याच्या कडेला बसून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

नगरला पोचलो तेव्हा आक्का जिवंत होती. तिच्याच वॉर्डात तिला खाट मिळाली. सूज उतरू लागली, डोळे उघडले. ती उशीला टेकून बसली आणि चहा मागितला. तिच्या हाताखालच्या नर्सा आनंदानं आत-बाहेर करत होत्या. यांनी तर पुढच्या आठवड्यात तिला घरी न्यायचं ठरवून टाकलं.

मी एकटी असताना आक्का मला म्हणाली, "लघवी काळी झाली होती. कालपासून होतच नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांना माहीत आहे. विषाने मूत्रपिंड बंद पडलंय. ह्याला औषध नाही गं. मी दोन माणसं पाहिलीत अशी, सापाची." तिने माझ्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. "त्याला तू सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मी संध्याकाळी यांना व्हरांड्यात सांगितलं. ते ऐकून घेईनात. "अगं, ती बसतेय, बोलतेय," म्हणत राहिले. मग डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "काय लागेल ते करा. मुंबईला नेऊ." डॉक्टर म्हातारे होते, आक्काबरोबर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं होतं. ते म्हणाले, "मुंबईला तरी काय करणार, मास्तर? तिथंही माझ्यासारखेच बसलेत." आणि ते खरंच खुर्चीत बसून राहिले, उठले नाहीत.

पुढे ती हळूहळू झोपेत गेली. मध्येच जागी व्हायची, मला नावानं ओळखायची, एखाद्या रोग्याला काही दिलं का विचारायची. मी हो म्हणायची. एका दुपारी तिचा श्वास थांबला. हे खाटेच्या पायाशी उभे होते, त्यांना आधी कळलंच नाही.

तिला आंघोळ घालायला वॉर्डातल्या नर्सा आल्या. त्यांतल्या कितीतरींना तिनेच हे काम शिकवलं होतं. त्यांनी पडदा ओढला, पाणी कोमट आहे का ते कोपरानं पाहिलं. एकीने मला विचारलं, "तुम्ही केस विंचरता का?" मी फणी घेतली. केसांत अजून दोन-तीन मेलेल्या माश्या अडकल्या होत्या. त्या मी एकेक करून काढल्या.

दफन करून घरी आलो तर शेजारच्या म्हातारीने भाकरी आणि पिठलं झाकून ठेवलं होतं. हे ताटाशी बसले, एक घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता काय करायचं?" त्यांचा सगळा जन्म हा प्रश्न तिलाच विचारण्यात गेला होता. मी त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं, आणि आम्ही जेवलो.