सीलमामांचं बोट

सीलमामा ग्रीस लावायला ब्रश घेत नसत आणि हातमोजेही घालत नसत. उजव्या हाताचं पहिलं बोट, बस. सायकलच्या पुढच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये धूळ आत जाऊ नये आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून रबराचं एक कडं असतं, तेच सील. त्याच्या आतल्या कडेवरून मामांचं बोट आधी कोरडंच फिरायचं, मग ग्रीस घेऊन. कोरड्या फेरीत चीर असो की वाळूचा कण, त्यांना कळायचं. "डोया चष्म्याचा हाय, बोट मायं हाय," असं ते म्हणत.

जन्म गेला जिनिंगमध्ये, रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर. तिथली सीलं ताटाएवढी. जिनिंग बंद पडल्यावर सेवाग्राम रोडला टिनाच्या शेडमध्ये ते सायकली दुरुस्त करू लागले. सावंगीच्या मेडिकल कॉलेजचे डॉक्टर गिअरच्या महागड्या सायकली घेऊन येत आणि मामा त्यांनाही झापत. ग्रीस जास्त झालेलं त्यांना खपत नसे. "पोयीले तूप लावून राह्यले का?" कमी झालेलं तर त्याहून नाही. कोरडं सील बसवणारा माणूस त्यांच्या लेखी कामचोर होता.

मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासतो, म्हणून मला ते 'लॅबवाले' म्हणत. एकदा मी सायकल चकचकीत दिसावी म्हणून सीलवर गंज काढायचा स्प्रे मारून नेली. मामांनी नुसता वास घेतला.

"काऊन मारलं हे?"

"छान दिसतं म्हणून."

"आतलं ग्रीस धुवून काहाडते ते. वरून चमकते अन् आतून कोरडं पडते."

मग दोन्ही सीलं माझ्याकडूनच पुसून घेतली. गिऱ्हाईकं बघत होती. मला राग आला होता, पण पुन्हा स्प्रे मारला नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मामांच्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि त्यांना पत्ता नसायचा. मी म्हटलं, साखर तपासा. "मले गोड आवडतच नाई, तं साखर कुठून येईन?" शेवटी मीच रक्त घेतलं. आकडा वाईट होता. मामांनी रिपोर्टची घडी करून ती ग्रीसच्या डब्याखाली सरकवली. "पायालेच झालं ना? मी काम हातानं करतो." साखरेनं आधी पाय बधिर होतात आणि पायानंतर हाताची पाळी येते, हे मला माहीत होतं. त्यांनाही असावं, कारण त्या दिवसापासून ते गोळ्या वेळेवर घेऊ लागले.

मागच्या हिवाळ्यात सावंगीच्या एका डॉक्टरीणबाईंचा शॉकअप त्यांच्या हातून दुरुस्त होऊन गेला आणि आठवड्यात गळू लागला. मामांनी तो परत उघडून नवी सीलं बसवली. पुन्हा तेलाचे ओघळ. बाई काही बोलल्या नाहीत, सायकल ठेवून गेल्या. मामांना ते जास्त लागलं.

त्याच दुपारी मी पंक्चर काढायला गेलो. मामांनी उघडलेल्या शॉकअपमधली दोन्ही सीलं पुसून माझ्या हातात दिली. "कोणतं खराब हाय, सांगा."

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी त्यांच्यासारखंच बोट फिरवलं. एकाची कड गुळगुळीत होती. दुसऱ्याच्या कडेला नखाला अडेल एवढी चीर होती. "हे!" मी विद्यार्थ्याच्या उत्साहात सांगितलं. "इथे, बघा."

मामांनी ते सील घेतलं. बोट फिरवलं. परत फिरवलं. मग डाव्या हाताच्या बोटानं पाहिलं.

"मले नाई लागून राह्यली," ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल. "मामा, माझंच चुकलं असेल. पुन्हा बघतो, द्या."

"लॅबवाले," ते शांतपणे म्हणाले, "पेशंटचं तोंड पाहून रिपोर्ट बदलवता का तुमी?"

मामांनी बोट चिंधीला पुसलं, मोबाइल काढला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, शॉकअप नागपूरले न्या. सील चिरलेलं होतं. बसवणाऱ्याले समजलं नाई."




आता मामा पंक्चर काढतात, ब्रेक करतात. शॉकअप कोणी आणलाच, तर हात न लावता नागपूरचा पत्ता सांगतात.